दारू सोडून मेलेला भाऊ

माझा धाकटा भाऊ दारूने मेला असं आमच्या गावात अजून सांगतात. ते खरं नाही. मेला तेव्हा तीन दिवसांपासून त्याच्या पोटात दारूचा थेंब गेलेला नव्हता. पीत राहिला असता तर निदान त्या आठवड्यात तरी मेला नसता. हे एका वाक्यात सांगितलं की कुणाला पटत नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आमचं माहेर मंगळवेढ्याच्या बाजूचं. वडिलांची साठ-सत्तर मेंढरं होती. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. दुष्काळात चारा संपला, मग पाणी संपलं, आणि जी मेंढरं जगली होती ती आबांनी विकून टाकली. भाऊ तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता. मेंढरांमागे हिंडण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं. महिनाभर खडी फोडायला गेला आणि मग एक दिवस एस.टी.त बसून माझ्याकडे सोलापूरला आला.

मी शुक्रवार पेठेत एका बोळात राहत होते. दोन खोल्या होत्या. नवरा गिरणीत, सासू दम्याची, मुलगी शाळेत, आणि मी घरी बसून बिड्या वळायची. भाऊ आला त्या दिवशी दारात उभा राहून बोळ बघत होता.

"आक्का, हितं कुणाचीच मेंढरं न्हाईत व्हय गं?"

"हितं माणसंच मेंढरं हायत," सासू आतून म्हणाली. "भोंगा वाजला की निघत्यात खाली मान घालून."

तो हसला. त्याला हसायला फार काही लागत नसे.

नवऱ्याने त्याला एका मागाच्या कारखान्यात लावून दिलं. चादरींचे माग होते. मला वाटलं होतं, रानात वाढलेला पोरगा त्या खडखडाटात आठ दिवस टिकणार नाही. पण तो चटकन शिकला. तुटलेला धागा त्याला लांबून दिसायचा, कळपातलं लंगडं मेंढरू दिसावं तसा. वर्षाच्या आत त्याच्या हाताखाली दोन माग आले. कारखान्याचा मालक माझ्या नवऱ्याला म्हणाला होता की अशी आणखी दोन माणसं गावाकडून आणा.

पाळी सुटली की मागावरची माणसं गुत्त्यात शिंदी प्यायला जायची. घशात रुई बसते, शिंदी प्याली की उतरते, असं सगळेच म्हणायचे. मीही म्हणायची. माझा नवरासुद्धा प्यायचा. सणाला, पगाराला, कुणाच्या मातीला जाऊन आला की. दोन ग्लास प्यायचा आणि घोरत पडायचा, दुसऱ्या दिवशी त्याला शिंदीची आठवणही नसायची. भाऊ त्याच्याबरोबरच पहिल्यांदा गेला. दुकान तेच, शिंदी तीच. एकाला ती सोडून देते आणि एकाला धरून ठेवते, असं का, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

दोन वर्षांत तो शिंदीवरून हातभट्टीवर गेला. मग सकाळी प्यायला लागला. सकाळी उठला की त्याचे हात कापायचे. प्याला की थांबायचे. कापऱ्या हाताने धागा सांधता येत नाही, तेव्हा कामाला जाता यावं म्हणून तो पीत होता. असं त्याने मला एकदा सांगितलंही. मी म्हणाले, "लई शाना हायस. प्यायला बी कामाचं निमित्त."

आबांच्या कानावर गेलं. आमच्यात अशा गोष्टीवर एकच उपाय होता. बेलभंडारा. माणसाला बिरोबाच्या देवळात न्यायचं, त्याच्या तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवायचा आणि चारचौघांसमोर वदवून घ्यायचं. भंडारा उचलला की तो शब्द देवाचा. मोडला तर देव बघून घेतो, माणसांनी काही करायचं नसतं. बांधाचे तंटे, चोरीचे आळ आमच्याकडे असेच मिटायचे. खोटा भंडारा उचलायची कुणाची छाती नसायची. चोराला जे लागू पडतं ते पिणाऱ्यालाही पडेल असं आम्ही धरून चाललो. चोर चोरी थांबवू शकतो. एवढा फरक आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही.

मी त्याला घेऊन गावी गेले. देवळात पंधरा-वीस माणसं जमली होती. आबांनी त्याच्या हातावर भंडारा ठेवला.

"बोल."

"सोडली."

"मोठ्यानं बोल. देवाला ऐकू जाऊ दे."

"सोडली, आबा. पुना तोंड लावनार न्हाय."

आमचे एक चुलते मागून म्हणाले, "आजच्यापुरती घेतलीया का न्हाय? न्हाय म्हंजे भंडारा सांडंल म्हनून म्हनतो." लोक हसले. भाऊही हसला. त्याचा हात खरंच कापत होता आणि भंडारा फरशीवर पडत होता. संध्याकाळच्या गाडीने आम्ही सोलापूरला परतलो.

दुसऱ्या दिवशी त्याला घाम फुटला. अंथरूण भिजेपर्यंत. त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाची कपबशी त्याला धरता येईना, मी बशीने पाजला तर अर्धा अंगावर गेला. दुपारी तो अंगावरच्या मुंग्या झटकायला लागला. मुंग्या नव्हत्या. मग त्याला मेंढरं दिसायला लागली. हुर्र, हुर्र करत तो खोलीभर फिरत होता, हात पसरून त्यांना कोपऱ्यात दाबत होता. सासूच्या खाटेखाली वाकून म्हणाला, "म्हातारे, पाय वर घे की. गाभन हाय ती." सासूने घाबरून पाय वर घेतले.

"देवानं धरलं ह्याला," सासू म्हणाली. "चोरून प्यालाय बघ. भंडारा मोडलाय."

मलाही तेच वाटलं. दुसरं काय वाटणार? शपथ घेतली आणि दोन दिवसांत हे झालं. मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तर मी म्हणाले, काहीतरी चघळून वास घालवलाय.

"कुटं प्यालास? कोन देतं तुला?"

"थेंब न्हाय आक्का. तुझी शप्पत."

"आता माझी शप्पत व्हय? देवाची पुरली न्हाय का?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. माझ्या डोक्याइतका उंच झाल्यापासून मी त्याच्यावर हात टाकला नव्हता.

गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर नवऱ्याने निरोप धाडला. आबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, देवळातला भंडारा पुडीत बांधून. त्यांनी तो भावाच्या कपाळाला लावला, समोर बसले आणि विचारलं, "कवा प्यालास? कबूल कर. कबूल केलंस की सुटशील."

"न्हाय प्यालो."

आबांनी चार वेळा विचारलं. चार वेळा तो नाही म्हणाला. दोन रात्री त्याचा डोळा लागला नव्हता, ओठ फुटले होते, आबांच्या धोतराच्या सोग्याला धरून तो त्यांच्याकडे बघत होता. पाचव्या वेळी तो म्हणाला, "व्हय. प्यालो."

आबांनी सुस्कारा सोडला. आणि तेवढ्यात भाऊ मागे पडला. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागला.

आमच्या शेजारी तेलुगू बोलणारं विणकराचं घर होतं. आवाज ऐकून ती शेजारीण धावत आली. तिने एकदा बघितलं आणि विचारलं, "किती दिवस झाला बंद करून?"

मी म्हणाले, "बंद कुटलं, पितोय की."

"नाही अक्का. आमचं मोठं भाऊ असंच झालता. एकदम बंद केलं की असं होते. देवाचं नाही हे. दवाखाना न्या, आत्ता न्या."

तिनेच टांगा आणला. आबा नको म्हणत होते. ती त्यांना तेलुगूत काहीतरी बोलली, ते त्यांना कळलं नाही, पण ते बाजूला झाले.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर उतारवयाचे होते, आवाज बसलेला, बोलणं तुटक. त्यांनी सुई दिली, सलाईन लावली आणि भाऊ झोपला. मग आम्हाला बाहेर बोलावून त्यांनी शेजारणीने विचारलं तेच विचारलं.

"कधी थांबला?"

"थांबलाच नाही," मी म्हणाले. "भंडारा मोडून पितोय."

"प्याला असता तर हे झालं नसतं. थांबला म्हणून झालंय. रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवर चालायला लागतं. एकदम काढून घेतली की ते असं खवळतं. माणूस मरतो यात."

आबा म्हणाले, "डाक्टरसाहेब, त्यानं सोत्ता कबूल केलंय."

"दोन रात्री मला झोपू दिलं नाही तर मीही कबूल करीन."

आबांना राग आला. ते म्हणाले, "रोग मेंढराला होतो. मानसाला खोड लागती. खोड मोडायची असती, तिला सलाईन लावत न्हाईत."

डॉक्टरांनी त्यांचा नाद सोडला आणि माझ्याकडे वळले. घरी कोण कोण आहे विचारलं. मी सासूचा दमा सांगितला.

"थंडीत त्यांना उबळ येते?"

"येते की. दर वर्षी."

"मग त्यांना विचारता का, गेल्या वर्षी बरं केलं होतं, पुन्हा का आला दमा म्हणून? घराबाहेर काढता?"

मी आबांकडे बघितलं.

"हे तसंच आहे. हा जाणारा आजार नाही, राहणारा आहे. मरेपर्यंत राहील. दबून राहील, कधी उठेल. उठला की त्याच दिवशी इकडे आणायचं. का प्यालास, हे विचारायचं नाही. आणि घरात कोंडून एकदम सोडायला लावायची नाही. औषध देऊन उतरवावी लागते. एवढं ध्यानात ठेवा."

मला ते आवडलं नव्हतं. दमा सासूने मागून घेतला नव्हता. हा रोज आपल्या पायाने गुत्त्यात जात होता. पण भाऊ वाचला होता, म्हणून मी मान हलवली. आबांनी तीही हलवली नाही. भावाला शुद्ध आली तेव्हा ते म्हणाले, "भंडारा मोडलास तू. आता माझ्या उंबऱ्याला पाय लावू नगंस." आणि त्याच दिवशी गावी गेले. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "न्हाय मोडला गं." या वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

त्यानंतर तो दहा महिने न पिता राहिला. तसा मी त्याला पुन्हा कधी बघितला नाही. अंगाने भरला, मुलीला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा, माझ्यासमोर बसून बिडीची पानं कापून द्यायचा. बायकांचं काम म्हणून बोळातली माणसं चिडवायची, तर म्हणायचा, "धागा काय, पान काय, हात रिकामा नसला म्हंजे झालं." मी माझ्या मनात आजार संपवून टाकला होता.

दहा महिन्यांनी तो पिऊन आला. काही झालं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, भांडण नव्हतं. डॉक्टरांनी विचारू नका म्हटलेलं मी विचारलंच.

"का?"

"काय झालं न्हाय आक्का. धोट्यात सूत भरलं, माग चालू केला, आन् भाईर गेलो. परत आलो तवा प्यालेला हुतो."

मी त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी त्याला झापलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. उलट विचारलं, "किती राहिला?"

"दहा महिने."

"चांगला राहिला."

मी म्हणाले, "चांगला काय डॉक्टर, पुन्हा प्याला ना."

"पहिल्या खेपेला तीन दिवस राहिला होता. आता दहा महिने. तुम्हाला मोजता येतं ना?"

घरी येताना मी भावाचं बोलणं मनात घोळवत होते आणि माझ्या पदराच्या गाठीतली मिश्रीची डबी चाचपत होते. मी लग्नाआधीपासून मिश्री लावायची. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड, सकाळी उठल्यावर दातांना, मग दुपारी, मग सारखीच. आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावायच्या. मी ठरवलं, बघू तरी सोडून. कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी सासूच्या अंगावर ओरडले, बिड्या इतक्या सैल वळल्या की बिडी कारखान्यात निम्म्या बाजूला काढल्या. तिसऱ्या दिवशी मुलीला विनाकारण बडवली. चौथ्या दिवशी सकाळी माझं बोट दातांवर होतं आणि डबी कधी उघडली ते मला आठवेना. माझ्यासमोर कुणी भंडारा धरला नव्हता एवढंच. हे मी भावाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आक्का, तुला बी दवाखान्यात घालू का?"

त्यानंतर काही दिवस मला डॉक्टरांचं सगळं म्हणणं पटलं होतं. त्या वेळी मी गावी जाऊन आबांनाही सांगून बघितलं. म्हटलं, त्याला एकदा घरी येऊ द्या, देवाची भीती त्याच्या मनातून काढा, त्या भीतीने तो पितो तेव्हा लपतो आणि लपला की मला वेळेवर कळत नाही. आबा म्हणाले, "तुजं लगीन सोलापुरात केलं तवाच तुज्या डोक्यात वारं शिरलं." बोलणं तिथे संपलं.

भाऊ पुढे सात महिने राहिला. मग उठलं, नेला. मग पाच महिने, नेला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बिड्या बंद, घर सासूवर, दवाखान्यात खाटेच्या बाजूला जमिनीवर बसायचं. नवरा तोंडाने काही म्हणत नव्हता, पण जेवताना ताट सरकवायचा. बोळात लोक म्हणायचे, "ह्यांच्या भावाचं माहेर दवाखान्यात हाय." आजार आहे हे पटणं वेगळं आणि चौथ्यांदा तोच आजार उचलून नेणं वेगळं. सासूचा दमा माझ्या तोंडावर शिव्या देत नव्हता. पाहुण्यांसमोर ओकत नव्हता.

मग एका मंगळवारी मुलीला बघायला पाहुणे येणार होते. मुलगा चांगला होता, नातेपुत्याकडचा, शाळेत मास्तर. मी सकाळपासून खोली सारवत होते, पोह्यांना कांदा चिरून ठेवला होता. बाराच्या सुमाराला भाऊ बोळात आला. प्यालेला होता, भिंतीला धरून चालत होता, पण आरडाओरडा काही नव्हता. दारात येऊन म्हणाला, "आक्का, उठलंय. चल जाऊ."

तो स्वतः आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, त्याच दिवशी, न लपता. याआधी प्रत्येक वेळी मीच त्याला धरून नेलं होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त बोळाच्या तोंडाकडे बघायचं सुचत होतं, पाहुणे येतात का म्हणून.

मी म्हणाले, "आजच?"

"हात कापाया लागलं की मंग—"

"कितींदा? मला सांग, कितींदा नेऊ? माझी पोरगी उजवायची हाय. तुला सोडायची असंल तर सोत्ता सोड. गड्यासारका सोड. तवर माज्या दारात येऊ नगंस."

त्याने भिंतीचा हात सोडला. मग म्हणाला, "बरं आक्का. सोडतो."

मी दार लावलं. तो गेला. दोन वाजता पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलीला चार प्रश्न विचारले. जाताना होकार देऊन गेले. मी त्या संध्याकाळी आनंदात होते. खोटं कशाला लिहू?

त्याने खरंच सोडली. मागाच्या कारखान्यात मागच्या बाजूला सुताच्या गाठोड्यांची खोली होती, तिथे जाऊन तो पडला. बुधवारी कामावर उभा राहिला, पण धागा सांधता येईना म्हणून मालकाने बसवलं. बरोबरच्या माणसाने त्याला सांगितलं, "एक घोट मार, हात थांबतील." तर म्हणाला, "न्हाय. आक्काला सांगितलंय." गुरुवारी तो त्या खोलीत एकटाच बोलत होता. हुर्र, हुर्र करत होता असं तो माणूस मला पुढे म्हणाला. त्यांना वाटलं, चढलीय. शुक्रवारी सकाळी तो माणूस सायकलवर माझ्याकडे आला. मी पोचले तेव्हा भाऊ गाठोड्यांच्या मध्ये पडला होता, तोंडाला फेस होता, डोकं भिंतीला आपटून फुटलं होतं. धुगधुगी होती. दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तीही गेली.

डॉक्टर तेच होते. त्यांनी नाडी धरली, डोळे बघितले, आणि मला विचारलं, "कधी थांबला?"

"मंगळवारी दुपारी."

"घरी?"

"घरी नाही. मी घरात घेतला नाही."

त्यांनी भावाचा हात खाली ठेवला. "सांगितलं होतं की तुम्हाला," एवढंच म्हणाले. हो म्हणाले मी. ते दुसऱ्या खाटेकडे गेले. त्यांना तिथेही काम होतं.

आम्ही त्याला गावी नेलं. आबांनी उंबऱ्याच्या आत घेतला नाही, अंगणातूनच पुढे नेला. मातीला आलेली माणसं बसली होती तेव्हा आबा त्यांना म्हणाले, "देवानं आपला हिशोब केला. भंडारा मोडला हुता."

मी बायकांतून उठले. बायकांनी पदर ओढला, मी सोडवून घेतला.

"आबा, हे भंडारा मोडला म्हनून झालं न्हवंच. पयल्यांदा बी न्हाय, आता बी न्हाय. मंगळवारपासनं थेंब घेतला न्हाय त्यानं. सोडली म्हनून मेला."

आबा म्हणाले, "सोडून कुनी मरत असतं व्हय? मंग मेला कशानं?"

"आजारानं."

"कसल्या?"

"दारूच्या."

"म्हंजे फिरून तितंच आलं की," चुलते म्हणाले, तेच, देवळात बोलले होते ते. कुणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मी उभी होते. डॉक्टरांनी ते इतकं सोपं करून सांगितलं होतं, दम्यासारखं, आणि मला त्या अंगणात एक शब्द पुढे बोलता येईना. कारण पुढचं वाक्य माझ्याबद्दल होतं. मी बसले.

मुलीचं लग्न लांबवलं, पण झालं. ती सुखात आहे. मामा का गेला हे तिला तिच्या लग्नाशी जोडून कुणी सांगितलेलं नाही. आता वाचेल.

त्यानंतर वर्षभराने, रानातलं काम उरकल्यावर, आबा सोलापूरला आले. येताना ज्वारीचं पीठ आणलं होतं. चहा घेतला, सासूची चौकशी केली. मग दारात जाऊन बसले. मला म्हणाले, "तो डाक्टर हाय का अजून तितं?"

"असंल."

"चल."

मी कशाला म्हणून विचारलं नाही. आम्ही चालत गेलो. आबा वाटेत एकदाच बोलले, "त्याला येक इचारायचं हाय. आनला असता तर वाचला असता का, येवढंच."

दवाखान्यात त्या डॉक्टरांची बदली झाली होती. त्यांच्या जागी कोवळा डॉक्टर होता. आबांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि त्याला सगळं सांगायला लागले, पार मेंढरं विकली तिथपासून. मागे रांग होती. तो म्हणाला, "आजोबा, पेशंट कुठे आहे?" आबा म्हणाले, "न्हाय." तो म्हणाला, "मग मी काय सांगू? केसपेपर आहे का?" केसपेपर नव्हता. मागच्या बाईने तापलेलं मूल पुढे केलं आणि आबा बाजूला झाले.

बाहेर पायरीवर ते थोडा वेळ बसले. मी शेजारी उभी होते. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. चार वेळा मी त्याला त्याच पायऱ्यांवरून चालत खाली आणला होता. आबांनी माझ्याकडे बघितलं, पण मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मग त्यांनी मुंडासं बांधलं, आणि मी त्यांना एस.टी. स्टँडपर्यंत सोडून आले.